ड्रायव्हरची खोटी कोण भरून देणार?

प्रति,
मोबिलिटी आणि वाहतूक महासंचालनालय,
युरोपीय आयोग, ब्रसेल्स

महोदय, महोदया,

युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषांत मराठी नाही, याची मला कल्पना आहे. याच पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. तरी मूळ पत्र मराठीत लिहिलं, कारण तुमच्या हायवेवर रात्री केबिनमध्ये झोपणाऱ्यांत आता मराठी पोरंही आहेत, आणि त्यांना इथवर पाठवायला कर्ज काढणारे आईबाप गावी आहेत. विषय ट्रकड्रायव्हरच्या खोटीचा आहे: गोदामाच्या दारात त्याला विनाकारण अडकवून ठेवलं जातं, त्याची भरपाई कोण देणार? पत्र तुम्हाला आहे, पण वाचावं त्यांनीही.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. गेली अकरा वर्षं रॉटरडॅमच्या दक्षिणेला एका वाहतूक कंपनीत प्लॅनर आहे. कुठली गाडी कुठे लागायची, किती वाजता भरायची, किती वाजता खाली व्हायची, हे ठरवणं माझं काम. रॉटरडॅम बंदरातल्या मासव्लाक्टेच्या टर्मिनलवर उतरलेले रीफर, म्हणजे थंड ठेवणारे, कंटेनर बारेनड्रेख्तच्या शीतगृहांत येतात. तिथे माल तपासून, वेगळा करून, ट्रेलरमध्ये भरून जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीकडे जातो. जानेवारी ते एप्रिल त्यात आमच्या नाशिकची द्राक्षं असतात. खोक्यावरचा जिल्हा वाचला की मला अजूनही उगाच बरं वाटतं.

फेब्रुवारी 2025 मधल्या एका रात्री सव्वादोनला माझा फोन वाजला.

"ताई, परत उठवलं."

फोन फलटणकडच्या एका ड्रायव्हरचा होता. हा आधी आखातात ट्रेलर चालवायचा. आता लिथुआनियातल्या एका कंपनीच्या नोकरीत आहे आणि ती कंपनी आमच्याकडे गाड्या लावते. त्या दिवशी तो सकाळी आठला कामावर लागला. कंटेनर टर्मिनलवरून उशिरा सुटल्यामुळे शीतगृहात ट्रेलर भरायला दुपारचा एक वाजला. संध्याकाळी पाचला तो जर्मनीच्या रूर भागातल्या एका मोठ्या किराणा साखळीच्या गोदामावर पोचला. खाली करायची वेळ सहाची होती. सहा वाजले, आठ वाजले, डॉक, म्हणजे माल उतरवायचं दार, मिळाला नाही. साडेनऊला त्याने गोदामाच्या आवारातच रांगेत गाडी उभी ठेवून विश्रांती लावली. तुमच्या 561/2006 या नियमाप्रमाणे ती कमीत कमी नऊ तास सलग हवी. सव्वादोनला पहारेकऱ्याने केबिनच्या दारावर थाप मारली: डॉक 14 रिकामा झालाय, गाडी लाव.

दोनशे मीटर. गाडी दोनशे मीटर हलली आणि टॅकोग्राफने, म्हणजे चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळा टिपणाऱ्या यंत्राने, इमानदारीने नोंद केली की गाडी चालली. पावणेपाच तासांची झोप कायद्याच्या लेखी शून्य झाली. साडेतीनला माल उतरला आणि त्याला आवाराबाहेर काढलं, कारण रिकाम्या गाडीला आत थांबायची परवानगी नाही. पुढचे दोन्ही पार्किंग तळ भरलेले होते. शेवटी हायवेच्या एका फाट्याच्या कडेला, जिथे थांबणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही, तिथे तो झोपला. टॅकोग्राफची चिठ्ठी काढून मागे कारण लिहून ठेव, असं मी त्याला सांगितलं. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. तीन आठवड्यांनी रस्त्यावर तपासणी झाली. 2024 संपता संपता तुम्ही मागच्या 28 ऐवजी 56 दिवसांच्या नोंदी बघायचा नियम लागू केलात; त्या नोंदींत ती रात्र सापडली. कारण वाचलं गेलं, मानलं गेलं नाही, दंड झाला.

त्या दिवशी त्याने गाडी किती चालवली होती? जेमतेम साडेतीन तास.

यात माझाही दोष आहे आणि तो लपवत नाही. सव्वादोनला फोनवर मीच म्हणाले, "लाव बाबा डॉकला, नाहीतर माल परत पाठवतील." सकाळपर्यंत थांबू दे, असं गोदामाला ठणकावून सांगायची माझी हिंमत नव्हती. ते गिऱ्हाईक आमच्या गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक आहे. आणि अशी ही एकच रात्र नाही. माझ्याकडे फाटकातून आत गेल्याच्या आणि बाहेर आल्याच्या वेळा गाडीगणिक लिहिलेल्या आहेत.

आमच्याकडे याला खोटी म्हणतात. कामधंद्याच्या माणसाला कुणी विनाकारण अडकवून ठेवलं की त्याची खोटी झाली. माझ्या मामाचा ट्रक होता. पिंपळगावहून कांदा भरून दिल्लीला आझादपूर मंडीत जायचा. गाडी खाली व्हायला दुसरा दिवस उजाडला की मामा व्यापाऱ्याकडे हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, मागायचा. भांडण व्हायचं, निम्मंच हातात पडायचं. पण मागायचा हक्क आहे, हे दोघांनाही मान्य असायचं. युरोपात आल्यावर मला वाटलं होतं की इथे हे भांडणही करावं लागत नसेल.

आता ही खोटी कुठून येते ते सांगते, कारण ती त्या गोदामाच्या दारात जन्मत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरच्या मध्यापासून बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला येणाऱ्या बोटीला त्यामुळे चार हजारांहून जास्त सागरी मैल जास्तीचे पडले आणि दहा ते पंधरा दिवस वाढले. जहाजं वाचवायचा तो निर्णय होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वेळापत्रक मोडलं की बोटी ठरल्या दिवशी येत नाहीत, घोळक्याने येतात. चारशे मीटर लांबीच्या जहाजावरून एका फेरीत हजारो कंटेनर उतरतात. रॉटरडॅमने 2024 साली 1 कोटी 38 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने एवढे डबे, हाताळले. एवढा माल रोज सारखा आला तर बंदराला तो जड नाही. तीन दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी सगळं एकदम, हे जड आहे.

बंदरातून माल आत जायचे तीन रस्ते: ऱ्हाइन नदी, रेल्वे, ट्रक. ऱ्हाइनचं पाणी जर्मनीतल्या काउब गावच्या मोजपट्टीवर बघतात. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथे 25 सेंटिमीटर पाणी राहिलं होतं, ऑगस्ट 2022 मध्ये बत्तीसच्या आसपास. अशा वेळी बार्ज, म्हणजे नदीतल्या मालबोटी, तिसरा हिस्सा भरून चालवतात. रेल्वेची गोष्ट आणखी मजेची आहे. नेदरलँड्सने मासव्लाक्टेपासून जर्मन सीमेपर्यंत 160 किलोमीटरचा बेटुवे मार्ग खास मालगाड्यांसाठी बांधला, तो 2007 साली सुरूही झाला. सीमेपलीकडे एमेरिख ते ओबरहाउझेन तिसरा रूळ टाकायचा, हे दोन्ही देशांत 1992 सालीच ठरलं होतं. तो अजून पुरा व्हायचाय, आणि त्याच कामासाठी नोव्हेंबर 2024 पासून ऐंशी आठवडे या मार्गावरची वाहतूक घटवली गेली. म्हणजे मालगाड्या वाढाव्यात म्हणून टाकायच्या रुळानेच मालगाड्या अडवल्या. हसावं की रडावं, ते तुम्ही ठरवा.

नदी आटते, रूळ बंद असतो. वाकायला उरतो तो ट्रक. युरोपीय संघातल्या जमिनीवरच्या मालवाहतुकीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार आज रस्त्यावर आहे, त्याचं एक कारण हेही: ट्रकला थांबवता येतं, फुकट. समुद्रावर गमावलेले दिवस शेवटी माणसाच्या झोपेतून वसूल होतात.

माझी मुख्य तक्रार ही आहे. या साखळीत ट्रक सोडून प्रत्येक वस्तूच्या थांबण्याला भाव आहे. कंटेनर टर्मिनलवर ठरल्या दिवसांपेक्षा जास्त राहिला की जहाज कंपनी डिमरेज लावते. रिकामा कंटेनर परत करायला उशीर झाला की डिटेन्शन. शीतगृहात पॅलेट एक रात्र जास्त राहिली तरी तिचं भाडं आहे. लोखंडाच्या डब्याची खोटी भरून मिळते. तो डबा ओढणाऱ्या माणसाची मिळत नाही. उलट तोच अर्धा तास उशिरा पोचला तर किराणा साखळी दंड कापते, नाहीतर उद्याची वेळ घ्या म्हणून फाटकावरूनच परत पाठवते.

सीमेपार रस्तावाहतुकीचा करार ज्यावर उभा आहे ते सीएमआर हे आंतरराष्ट्रीय संमेलनपत्र 19 मे 1956 रोजी जिनिव्हात ठरलं. माल उशिरा पोचवला तर वाहतूकदाराने किती भरपाई द्यायची, हे त्यात आहे. माल घेणाऱ्याने गाडी ताटकळत ठेवली तर काय, यावर त्यात अक्षर नाही. 1956 साली कुणाला सुचलं नसेल. सत्तर वर्षांत सुचायला हरकत नव्हती.

आणि हे अशक्य आहे असं म्हणू नका. स्पेनने 2022 च्या वटहुकुमाने दोन गोष्टी केल्या. साडेसात टनांवरच्या गाड्यांमध्ये, काही अपवाद सोडले तर, ड्रायव्हरने माल चढवायचा-उतरवायचा नाही. आणि गाडी एका तासाहून जास्त ताटकळली तर पैसे द्यायचे. आधी ही मर्यादा दोन तासांची होती. पोर्तुगालनेही थांबण्याला दोन तासांची हद्द घातली आहे. त्याने दोन्ही देशांतली दुकानं ओस पडलेली नाहीत.

दुसरं, झोपायच्या जागेचं. तुमच्याच 2019 च्या अभ्यासात म्हटलंय की युरोपात ट्रकसाठी दर रात्री सुमारे एक लाख जागा कमी पडतात. आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, हा तुमचा नियम मला पटतो. माणूस आहे, महिनोन्‌महिने पत्र्याच्या खोक्यात झोपू नये. पण गाडी कुठे लावायची? नव्या स्मार्ट टॅकोग्राफसाठी तुम्ही ऑगस्ट 2025 ची मुदत दिलीत आणि आम्ही, आमच्या गाडीवाल्यांनी, पदरचे पैसे घालून ती पाळली. सुरक्षित पार्किंग मुख्य मार्गांवर सरासरी दर दीडशे किलोमीटरला असावं, यासाठी 2024 च्या तुमच्याच नियमात मुदत आहे 2040 ची. पाळत ठेवणारं घड्याळ आज, पाठ टेकायची जागा पंधरा वर्षांनी. दीडशे किलोमीटर म्हणजे ट्रकला दोन तास. ज्याच्याकडे वीस मिनिटं उरलीत त्याला याचा काय उपयोग, हे कुणीतरी एकदा केबिनमध्ये बसून बघावं.

शौचालयाबद्दल लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. ज्या गोदामात चाळीस टनांची गाडी माल घेऊन येते, तिथलं शौचालय ड्रायव्हरला वापरू देत नाहीत. सगळीकडे नाही, पण आमच्या नेहमीच्या ठिकाणांपैकी बऱ्याच ठिकाणी. यावर जास्त काय बोलायचं.

तिसरी तक्रार माझ्या माणसांची आहे. युरोपात ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून पोलंड, लिथुआनिया, स्लोव्हाकियातल्या कंपन्या उझबेकिस्तान, जॉर्जिया, भारतातून माणसं आणतात. अशा, संघाबाहेरच्या, ड्रायव्हरला एक अटेस्टेशन, म्हणजे तो कायदेशीर नोकरीत असल्याचा दाखला, लागतं. 1072/2009 या नियमात साफ लिहिलंय की ते वाहतूकदाराच्या मालकीचं. तो ते ड्रायव्हरला वापरायला देतो. म्हणजे परवाना याचा, कोड 95 साठी, म्हणजे व्यावसायिक ड्रायव्हरच्या पात्रतेसाठी, परीक्षा याने दिली, गाडी हा चालवतो आणि कागद मालकाचा. राहण्याचा परवानाही बहुतेक वेळा त्याच नोकरीला बांधलेला. असा माणूस रात्री सव्वादोनला दारावर थाप पडल्यावर "मी झोपलोय, सकाळी लावतो" असं म्हणेल?

2023 साली जर्मनीत ग्रेफेनहाउझेनच्या हायवे तळावर काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका पोलिश मालकाच्या गाड्या चालवणाऱ्या साठेक जॉर्जियन आणि उझबेक ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी गाड्या उभ्या केल्या. मालकाने खासगी सुरक्षावाले आणि चिलखती गाडी पाठवली. पोलिसांनी मालकाच्या त्या माणसांनाच ताब्यात घेतलं, आणि आठवडे उलटल्यावर पैसे मिळाले. उन्हाळ्यात त्याच तळावर पुन्हा तेच, दहा आठवडे, आणि काहींनी शेवटी अन्न सोडलं. तोडगा पुन्हा कायद्यापेक्षा माल अडल्यामुळे निघाला. त्या गाड्यांत ज्यांचा माल होता ती नावं मोठी होती. आमच्या मालाची गाडी कोण चालवतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं ती म्हणू शकली, कारण ठाऊक असण्याची सक्ती नाही.

हे मी गावाकडच्यांसाठीही लिहिते आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यातल्या कामांच्या यादीत वाहनचालकही होते. ते गाडं कुठवर आलं, हा वेगळा विषय. पण तेव्हापासून मला नात्यागोत्यातून फोन येतात: "ताई, पोराला ट्रकवर लावायचंय, एजंट अमुक लाख मागतोय, देऊ का?" मी म्हणते, एजंटला एक रुपया द्यायच्या आधी तीन कागद मागा: करारावर पगार किती आणि भत्ता किती, अटेस्टेशन कुठल्या देशाचं, आणि चार आठवड्यांनी विश्रांतीला परत यायचा हक्क कसा पाळणार. तिसऱ्या प्रश्नाला एजंट हसतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. टॅकोग्राफ नको, नियम ढिले करा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मामा पिंपळगाव ते दिल्ली असा यायचा की घरी आल्यावर दोन दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. साडेचार तासांनी पंचेचाळीस मिनिटं थांबायला लावणारं यंत्र त्याच्या गाडीत असतं तर आजी कमी रडली असती. तुमचा नियम चांगला आहे. तो एकाच माणसाला बांधतो, एवढंच माझं म्हणणं आहे. ड्रायव्हरचं मिनिट न्‌ मिनिट तुम्ही मोजता. त्याला थांबवणाऱ्याच्या हाताला घड्याळच नाही.

म्हणून मागण्या, सरळ शब्दांत.

स्पेनसारखा नियम सगळ्या युरोपीय संघाला लागू करा. ठरलेल्या वेळेपासून एक तास झाला की भरपाई सुरू, आणि ती गोदामाच्या मालकाने द्यायची. करारात ती माफ करून घ्यायची सोय ठेवू नका, नाहीतर दुसऱ्याच दिवशी सगळ्या करारांत ते कलम आलेलं असेल. माझ्या टेबलावरून मी सांगते, येईल.

जो गोदामवाला ड्रायव्हरला विश्रांतीतून उठवतो, त्या मोडलेल्या विश्रांतीचा दंड त्याच्यावर लावा. टॅकोग्राफला जागा कळते, वेळ कळते. कुणाच्या आवारात गाडी हलली, हे शोधायला नवं यंत्र लागत नाही. तोवर निदान एवढं करा: आवारात डॉक बदलण्यासाठी काही मिनिटं गाडी हलवावी लागली तर विश्रांती शून्यावर जाऊ नये. फेरीबोटीवर आणि आगगाडीवर चढणाऱ्या ट्रकला तुम्ही अशी सवलत देताच.

सलग आठ तासांहून जास्त गाड्या घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या गोदामाला, येणाऱ्या गाड्यांच्या प्रमाणात, रात्री थांबायच्या जागा आणि शौचालय सक्तीचं करा. हे 2040 पर्यंत लांबवायचं कारण नाही. जागा त्यांच्याकडे आहे, कुंपणही आहे, पहारेकरीही आहे. तो रात्री दोनला जागाच असतो.

अटेस्टेशन ड्रायव्हरच्या नावावर करा. मालक बदलला तर नवी नोकरी शोधायला त्याला पुरेसे महिने मिळू द्या. आणि ज्याचा माल, त्याला शेवटच्या उपकंत्राटदारापर्यंत पगाराची जबाबदारी घ्यायला लावा. द्राक्षांच्या खोक्यावरच्या कोडवरून तो घड निफाडच्या कुठल्या प्लॉटमधला, हे युरोपातला ग्राहक शोधू शकतो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर शेतकरी सापडतो. तीच खोकी आणणाऱ्याला तीन महिने पगार नसला तर कुणीच सापडत नाही, हे मला पटत नाही.

या मागण्यांनी माल महाग होईल, असं उत्तर येईल. होईल थोडा. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त बिलावर दिसत नाही.

गेल्या दोन हंगामांच्या, म्हणजे 2024 आणि 2025 च्या, आमच्या गाड्यांच्या आत-बाहेरच्या वेळा मी नावं काढून एका तक्त्यात उतरवल्या आहेत. कंपनीची परवानगी घेतली आहे. तुम्ही मागा, मी पाठवते. फलटणकडच्या त्या ड्रायव्हरने विचारलं होतं, "ताई, त्यांना लिहून काय होतंय?" मी म्हटलं, बघू. उत्तर इंग्रजीत आलं, डचमध्ये आलं, तरी चालेल. त्याला मराठीत सांगायचं काम माझं.

आपली,
निफाड तालुक्यातली, सध्या दक्षिण हॉलंडमध्ये राहणारी एक ट्रान्सपोर्ट प्लॅनर